मिडियमचं माप

पुढची बाजू

कारखान्यात तिला सगळे मिडियम म्हणायचे. हजेरीपटावर तिचं चांगलं नाव होतं, पण ते बिचारं तिथेच पडून असायचं. "मिडियम आली का?" "मिडियमला बोलवा." "मिडियमला सर्दी झालीय, आज फिटिंग रद्द." शिंकणाऱ्या बाईच्या अंगावर टाचण्या लावायच्या म्हणजे तिलाही टोचणार आणि लावणारीलाही.

नावामागचं कारण साधं होतं. बायकांचे कपडे शिवणाऱ्या त्या कारखान्यात कुठलाही नवा नमुना आधी एकाच मापात शिवला जाई, मधल्या. तो तिच्या अंगावर चढवायचा, कसा बसतो ते बघायचं, जिथे ओढतो तिथे सोडायचा, जिथे झोळ पडतो तिथे टाचणी. तिच्या अंगावर तो शहाण्यासारखा बसला की त्याचा पक्का साचा पुठ्ठ्यावर कापला जाई. मग त्या साच्यावरून बाकीची मापं निघत: चहूबाजूंनी थोडं वाढवलं की लार्ज, थोडं आत घेतलं की स्मॉल. म्हणजे सगळी मापं तिच्यावर टेकून उभी होती. उरलेला वेळ ती काज-बटणाच्या टेबलावर चारचौघींसारखी बटणं लावायची.

चार वर्षांपूर्वी ती बटणं लावायलाच म्हणून आली होती. पहिल्या दिवशी मास्तरीणबाईंनी तिला दारातून आत येताना पाहिलं आणि हातातली कात्री खाली ठेवली. कपडा कसा कापायचा याचा शेवटचा शब्द मास्तरीणबाईंचा. साठीला टेकलेल्या, चष्मा कपाळावर, टेप गळ्यात, राग नाकावर.

"ए पोरी, इकडे ये. हात वर. वळ."

टेप फिरली. त्यांनी भिंतीवरचा मापांचा तक्ता पाहिला, टेप पाहिली, पुन्हा तक्ता पाहिला.

"तक्ता वाचून बनवलंय गं तुला कोणी तरी," त्या म्हणाल्या.

तिचं असं कौतुक आजवर कोणी केलं नव्हतं. शाळेत ती ना पहिल्या बाकावर, ना शेवटच्या. फोटोत कायम मधल्या रांगेत, कोणाच्या तरी खांद्याआड. इथे मात्र मधलं असणं हेच काम होतं, आणि ते तिला न शिकता येत होतं.

पाठ

फिटिंगच्या खोलीत एक मोठी खिडकी, तीन आरसे आणि वीतभर उंचीची एक लाकडी फळी. तिने फळीवर उभं राहायचं. मास्तरीणबाई तोंडात टाचण्या धरून तिच्याभोवती गुडघ्यांवर फिरायच्या आणि टाचण्यांच्या फटीतून हुकूम सोडायच्या.

"हात वर. खाली. बस. ऊठ. वरच्या फळीवरचा डबा काढल्यासारखं कर. आता शिंक."

"येत नाहीये."

"सोंग कर. पाठीत ताण येतो का बघायचंय. बायका शिंकतात गं पोरी. पुतळे शिंकत नाहीत, म्हणून माझा पुतळ्यांवर विश्वास नाही."

मग ती खोटंच शिंकायची आणि सांगायची, "काखेत काचतंय," किंवा "मानेमागे कोणी तरी धरल्यासारखं होतंय." तिला ते बरोबर कळायचं. कपडा कुठे छळतो हे सांगणं सोपं नसतं. बहुतेक बायका छळ सोसतात आणि कपडा छान आहे म्हणतात.

या कामाचा एक गुपचूप आनंद होता. रस्त्यात, बसमध्ये, दवाखान्याच्या रांगेत तिला अनोळखी बायकांच्या अंगावर आपली पाठ दिसायची. तिची कंबर भाजी घ्यायची. तिचे खांदे पोराला कडेवर घेऊन जायचे. ती कोणाला काही सांगायची नाही. मनात म्हणायची, जा, सावकाश जा.

खिसा

मोबाइल ॲप्रनच्या खिशात असायचा. हल्ली तुझं खाणं कमी कसं झालं असं कोणी विचारलंच तर तिचं उत्तर तयार होतं: दाढ. मागच्या वर्षी अक्कलदाढ काढली, पंधरा दिवस पातळ खावं लागलं, तेव्हापासून भूकच मेली.

खिसा, उसवून पुन्हा

दाढ काढली होती, ते खरं. पण दाढ भरून आली आणि भूक ठणठणीत होती.

झालं असं. जेवणाच्या सुट्टीत ती मोबाइल बघत बसली होती. त्यात एका मुलीचा फोटो आला. ओळख ना पाळख, कुठल्याशा बागेत उभी, हसत होती. तिच्या अंगावरचा निळा फ्रॉक हिने लांबूनही ओळखला असता. त्याच्या पट्ट्यासाठी ही दीड तास फळीवर उभी राहिली होती. फ्रॉक त्या मुलीला असा बसला होता की मास्तरीणबाईंनी चष्मा कपाळावरून खाली न आणता मान डोलावली असती. हिला वाटलं, आपलाच फोटो आहे.

खाली कोणी तरी लिहिलं होतं: "फ्रॉक छान. फिगर अगदीच सर्वसाधारण."

त्या वाक्याला चारशे अंगठे.

तिने मोबाइल उलटा ठेवला. मग सुलटा केला. मग त्या चारशेंपैकी काही जणींच्या पानांवर गेली, बघावं तरी या कोण. त्यातल्या एकीच्या पानावर पांढऱ्याशुभ्र स्वयंपाकघरात उभी असलेली एक बाई होती. ती रोज, दिवसभरात आपण काय खाल्लं ते दाखवायची. ताटली परातीएवढी आणि त्यात म्हणाल तर चिमणीचा घास. आवाज मात्र असा मऊ, की रडणारं मूल झोपावं. ती कधीच कोणाला खाऊ नका म्हणाली नाही. म्हणायची, "मी फक्त माझ्या शरीराचं ऐकते."

हिने तो व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. दुसऱ्या दिवशी मोबाइलने तसले पाच आणून दिले. तिसऱ्या दिवशी बारा. मोबाइलला वाटलं, हिला हेच हवंय. मग हळूहळू तिलाही तसंच वाटायला लागलं.

पांढऱ्या स्वयंपाकघरातल्या बाईला ती मनात शेजारीण म्हणायला लागली. सकाळी डोळे उघडले की शेजारणीकडे डोकवायचं. डबा भरताना शेजारीण काय म्हणाली असती ते आठवायचं. पाव निम्मा झाला, मग गेला. दुधातली साखर गेली, मग दूध गेलं. घरी थोरल्या बहिणीने, ताईने, केलेला भात तिने डब्यात नेला आणि तसाच इस्त्रीवाल्या मावशीच्या डब्यात उलटा केला. मावशी म्हणाली, "तुझ्या ताईच्या हाताला चव आहे हो. रोज आण." ती रोज आणायला लागली.

टक्स, डावा आणि उजवा

आता टाचण्यांचं.

मास्तरीणबाईंचा जुना तोरा होता, की त्यांच्या बोटांत टेप आहे. मिडियमच्या मापाचं कार्ड चार वर्षं खिडकीशेजारी टांगलेलं होतं. सुरुवातीला त्या दर महिन्याला टेप लावून बघायच्या. कार्डातला आकडा आणि टेपवरचा आकडा एका सुतानेही हलेना, तेव्हा त्यांनी ते सोडून दिलं. घराची भिंत रोज कोण मोजतं?

त्यामुळे पहिल्यांदा पाठीत झोळ पडला तेव्हा त्यांनी कापड चोळून पाहिलं.

"नवीन माल दिसतोय. धुतल्यासारखा सैल." आणि दोन्ही टक्समध्ये एकेक टाचणी लावली.

पुढच्या नमुन्याला तीन. "हल्ली विणकरांचे हात ढिले झालेत."

त्याच्या पुढच्या स्कर्टला कमरेत पाच. "लॉटच वाईट आहे. मॅनेजरला सांगायला हवं."

मास्तरीणबाईंनी कापडाला दोष दिला, सुताला दिला, वाफेच्या इस्त्रीला दिला. मिडियम बदलेल हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही. आणि मिडियम आरशात समोर बघत गप्प उभी राहायची. पूर्वी ती सांगायची कुठे काचतंय. आता कुठेच काचत नव्हतं. पाठीमागे टाचणी कापडात शिरताना बारीक आवाज व्हायचा, आणि प्रत्येक आवाजाला तिच्या पोटात, त्या रिकाम्या पोटात, काही तरी गोड हलायचं. कोणी तरी पाठ थोपटावी तसं.

टाचणी लावली की साचा तेवढा आत. साचा आत की सगळी मापं आत. आठ महिन्यांत अकरा नमुने गेले. हे तिला कळत होतं का?

कळत होतं. बटणं लावताना तिच्या मांडीवर येणारा मिडियम तिच्या डोळ्यांदेखत लहान होत होता. आणि ती मूग गिळून होती.

दुकानांकडून आलेली पत्रं, तीन

"कळवण्यास खेद वाटतो की या वेळचा मिडियम गिऱ्हाइकांना घट्ट होत आहे."

"आमच्याकडे लार्ज मागणाऱ्या वाढल्या आहेत. मिडियम पडून आहे. एक मुलगी ट्रायल रूममधून रडत बाहेर आली. कपडा हातात परत दिला नाही, आतच टांगून गेली."

"स्मॉल नक्की कोणासाठी बनवता?"

मॅनेजरने पत्रं जेवणाच्या सुट्टीत मोठ्याने वाचून दाखवली आणि खांदे उडवले. "बायकाच जाड व्हायला लागल्या, त्याला आपण काय करणार?"

सगळे हसले. मिडियमही हसली. मग बाहेर नळावर जाऊन पाणी प्यायली, बरंच पाणी.

अस्तर

घरी ती आणि ताई, दोघीच. ताई तिच्याहून सहा वर्षांनी मोठी, शहर बस चालवायची. अंगाने भरलेली, आवाजाने त्याहून भरलेली. बस सुरू करण्याआधी आरशात बघून "सगळ्यांनी धरलं ना?" असं विचारायची तेव्हा शेवटच्या सीटवरचे लोकही दांडी धरायचे. ती जेवायची तेव्हा बघणाऱ्याला भूक लागायची.

डेपोतल्या जुन्या साहेबांचा निरोप समारंभ होता. त्यासाठी मिडियमने ताईला कारखान्यातला एक फ्रॉक आणून दिला, हिरवा, नव्या नमुन्याचा, बाहीला किंचित डाग म्हणून बाजूला काढलेला. माप लार्ज. ताईला गेली दहा वर्षं लार्ज व्हायचा.

ताई आतल्या खोलीत गेली. बराच वेळ आली नाही.

"झाली का गं?"

"चेन अडकलीय. ये जरा."

चेन अडकली नव्हती. चेनच्या दोन काठांमध्ये चार बोटं अंतर होतं.

"श्वास आत घेते, ओढ."

"ताई, फाटेल."

"ओढ गं. एवढी बस वळवते मी, एक चेन नाही वळत?" ताई हसत होती. मग आरशात बघितलं आणि हसणं जरा उशिराने थांबलं. "राहू दे. जुना निळाच घालते."

त्या रात्री ताईने एकदाच वाढून घेतलं. दुसऱ्या दिवशी म्हणाली, डेपोत खाऊन आले. तिसऱ्या दिवशी हिच्या शेजारी येऊन बसली, पाय पोटाशी घेऊन, आणि वेगळ्याच आवाजात म्हणाली, "ती तुझी बाई आहे ना, पांढऱ्या किचनवाली. मला पण पाठव."

"कशाला?"

"अशीच. बघते."

"तुला नाही आवडणार. फार हळू बोलते."

"मग मी पण हळू ऐकेन."

तिने पाठवलं. काय करणार होती? नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. फ्रॉक चुकलाय हे सांगायचं, तर तो कसा चुकला हेही सांगावं लागलं असतं. आणि ते सांगायचं म्हणजे ती टाचणी, तो आवाज, मावशीच्या डब्यातला भात, सगळंच एकेक करून जमिनीवर ठेवायचं.

दोन्ही मोबाइल दोन कोपऱ्यांत एकाच आवाजात बोलायला लागले.

कोट: बाही, कॉलर, आणि जो भाग कापला गेला नाही तो

हिवाळी कोट हे वर्षातलं सगळ्यात मोठं काम. तीन हजार नग. जाड कापड, आत अस्तर, आठ बटणं. बुधवारी शेवटचं फिटिंग झालं. मास्तरीणबाईंनी नऊ टाचण्या लावल्या.

"कोट हा असा पाहिजे," त्या मागे सरून म्हणाल्या. "शिंक."

ती शिंकली. पाठीत काहीही झालं नाही. तिच्या पाठीत त्या कोटाला ताणायला काही उरलंच नव्हतं.

गुरुवारी साचा पुठ्ठ्यावर गेला. शुक्रवारी सकाळी कटिंग.

गुरुवारी संध्याकाळी ताई घरी आली आणि बूट न काढता खुर्चीत बसली. "आज एक गंमत झाली," ती म्हणाली, पण चेहरा गमतीचा नव्हता. "शाळेचा थांबा आला आणि मी थांबलेच नाही. दिसला मला थांबा. पोरं दिसली. डोकं असं गरगरलं, की पाय ब्रेकवर नेईपर्यंत पुढचा थांबा आला. मागून कंडक्टर ओरडला, अहो बाई, झोपलात काय?"

"आज काय खाल्लंस?"

"सकाळी सफरचंद."

"ताई!"

"तू नाही राहत? तुला चालतं, मला चालत नाही?" ताईने डोळे मिटून डोकं मागे टेकलं. "तुझी ती बाईच म्हणते ना, आपल्या शरीराचं ऐकायचं. मी ऐकतेय. ते म्हणतंय, फ्रॉक होत नाही."

मिडियम ताईचे बूट काढायला खाली बसली. बुटांच्या नाड्या घट्ट बांधलेल्या होत्या, सोडवायला वेळ लागला. तेवढ्या वेळात तिने तीन हजार कोटांचा हिशेब मनात मांडला: तीन हजार ट्रायल रूम, तीन हजार आरसे, आणि प्रत्येकीच्या बाहेर कोणी तरी विचारतंय, झाली का गं?

शुक्रवारी ती बटणांच्या टेबलाकडे गेलीच नाही.

कटिंगच्या लांब टेबलावर कापडाचे साठ थर एकावर एक अंथरलेले होते, वर खडूने कोटाची रेघ काढलेली. कटरकाकांनी उभ्या पात्याचं मशीन हातात घेतलं, बटण दाबलं. पातं घुमायला लागलं. तिने कापडावर तळहात ठेवला.

काकांनी मशीन बंद केलं. "हात काढ बाई. एकदा गेलं की बोट परत शिवून मिळत नाही."

"काका, कापू नका."

"कोणी सांगितलं?"

"मी सांगतेय."

"मिडियमने सांगितलं म्हणून थांबायचं?" काका हसले. "उद्या लार्ज येईल, मग एक्स्ट्रा लार्ज येईल. मी काम कधी करू?"

"साचा लहान झालाय."

"तुझ्याच अंगावर बसवलाय ना?"

"म्हणूनच."

काकांनी तिच्याकडे बघितलं, बहुतेक चार वर्षांत पहिल्यांदाच नीट. मग मान वळवून हाक मारली, "मास्तरीणबाई, जरा येता का?"

मास्तरीणबाई आल्या त्याच चिडून. "काय तमाशा आहे? आठ वाजून गेले."

तिने रात्रभर बरीच वाक्यं तयार केली होती. "मला टेप लावा," एवढंच ती म्हणाली.

"टेप? तुला?"

"लावा ना."

त्यांनी गळ्यातली टेप काढली, छातीला लावली. आकडा बघितला. चष्मा कपाळावरून खाली आणला. कंबर. नितंब. मग टेप दोन्ही हातांत ताणून उजेडात धरली. "ही टेप ताणली गेलीय. दुसरी आणा रे कोणी."

दुसरी आणली. तीच गत. तिसरी मागितली. इस्त्रीवाली मावशी तिसरी टेप घेऊन आली आणि देता देता म्हणाली, "बाई, टेप बदलून ती पोरगी बदलणार आहे का?"

मास्तरीणबाई स्टुलावर बसल्या.

"कधीपासून?"

"दाढ काढली तेव्हा..." तिचं तिलाच ऐकू आलं. "नाही. दाढेचं खोटं आहे. मीच खात नव्हते. मुद्दाम."

शिवणाच्या बाजूची मशीनं एकेक करून थांबली, कारण तिकडच्या बायकांनाही ऐकायचं होतं.

"प्रत्येक टाचणीला मला बरं वाटायचं," ती म्हणाली. "तुम्ही कापडाला शिव्या द्यायच्या आणि मला बरं वाटायचं. ती पत्रं आली तेव्हा सांगायला हवं होतं. माझ्या ताईला लार्ज झाला नाही. आता ती जेवत नाही. ती बस चालवते."

मावशी हळूच म्हणाली, "म्हणजे तो भात..."

"हो मावशी."

"अगं बाई गं. आणि मी रोज आण म्हणाले."

मास्तरीणबाईंनी टेप बोटांभोवती गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. ओरडतील असं सगळ्यांना वाटलं. मिडियमला तर ओरडा हवाच होता. ओरडा खाऊन माणूस मोकळं होतं.

"तीस वर्षं सांगतेय, माझ्या बोटांत टेप आहे म्हणून," त्या म्हणाल्या. "माझ्या डोळ्यांसमोर एक पोरगी वाळत गेली आणि मी विणकरांना शिव्या घातल्या." मग उठल्या. "काका, तो पुठ्ठा द्या इकडे."

पुठ्ठा जाड होता. दोन्ही हातांनी मोडला तेव्हा मोठा आवाज झाला. त्या आवाजाने मॅनेजर बाहेर आला.

"आज कटिंग झालंच पाहिजे! बाई, काय चाललंय?"

"साहेब, बायका जाड झालेल्या नाहीत. बायका जागेवरच आहेत. आपण सरकलो. कटिंग सोमवारी."

"सोमवारी?"

"का, तोवर थंडी संपणार आहे?"

नवीन साचा

त्यांनी कारखान्यातल्या सगळ्या बायकांना फिटिंगच्या खोलीत बोलावलं. ज्यांना पूर्वी मिडियम व्हायचा अशा सात निघाल्या. मास्तरीणबाई मोजणार, मिडियम लिहिणार.

"मला पण?" इस्त्रीवाली मावशी म्हणाली. "पूर्वी मिडियम व्हायचा, गेल्या महिन्यात मला लार्जही चढेना. नवऱ्याला सांगितलं, वाफेने फुगले."

"फळीवर चढ. पोट सोड."

"सोडलंय."

"आत ओढून उभी आहेस. सोड म्हटलं ना. आहे तेवढं सगळं आण बाहेर, मला घाई आहे."

मावशीने पोट सोडलं. बायका हसल्या. मावशीही हसली आणि हसताना टेप हातभर हलली, तेव्हा पुन्हा मोजावं लागलं. काजवालीने दोन्ही हात छातीवर घट्ट बांधले होते, मास्तरीणबाईंनी ते टिचकी मारून खाली पाडले. शिवणातली एक नवी मुलगी फळीवर चढायलाच तयार होईना. "आकडा मोठ्याने नका ना वाचू," ती म्हणाली. मग मास्तरीणबाईंनी तिचे आकडे मिडियमच्या कानात सांगितले.

ती लिहीत होती. सातांमधली एकही तक्त्यात बसत नव्हती. एकीची कंबर तक्त्याची होती तर खांदे दुसऱ्याच कोणाचे. एकीची पाठ लांब. एकीला एक खांदा खाली, पोरं वाढवून. वहीत आकड्यांचे सात ओबडधोबड खांब उभे राहिले, आणि त्यांच्यामध्ये कुठे तरी खरी मिडियम होती. तीन दिवस लागणार होते ती शोधायला.

सगळ्या गेल्यावर ती फळीकडे बघत उभी राहिली.

"मी आता?"

"तू आता बटणं लाव."

"पुन्हा पूर्वीसारखी झाले तर?"

"ते तक्त्यासाठी होऊ नकोस," मास्तरीणबाई टाचण्या डबीत भरत म्हणाल्या. "तक्त्यासाठी जेवायचं आणि मोबाइलसाठी उपाशी राहायचं, दोन्ही परक्याचीच चाकरी. मला मिडियम कोणीही मिळेल, आज सात मिळाल्या." डबीचं झाकण बसेना, त्यांनी ते ठोकून बसवलं. "सोमवारी दवाखान्यातल्या नर्सबाईंकडे जाऊ. मी येते बरोबर. एकटी गेलीस तर दाढेचं सांगशील."

शिल्लक कापड

संध्याकाळी ताई आधीच घरी होती. हिने चप्पल काढली आणि दारातच सांगून टाकलं, एका दमात, जसं येईल तसं. हिरवा फ्रॉक. टाचण्या. लार्जही लहान का झाला. कोट. मोडलेला पुठ्ठा.

ताईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे मी नऊ दिवस उपाशी राहिले ते तुझ्या टाचण्यांपायी?"

"हो."

"शाळेची पोरं उन्हात उभी राहिली ती तुझ्या टाचण्यांपायी?"

"हो."

"मला हाणावंसं वाटतंय तुला."

"हाण."

"हात उचलायला अंगात जीव पाहिजे." ताई उठली, पातेल्यात बटाटे टाकले, गॅस पेटवला, आणि पाठमोरीच उभी राहिली. न वळताच तिने विचारलं, "मी फ्रॉकसाठी राहिले. तू कशासाठी राहिलीस?"

तिने विचार केला. खरंच केला. बागेतली हसणारी मुलगी आठवली, चारशे अंगठे आठवले, पण ते सगळं एवढंसं वाटलं, कारण म्हणून पुढे ठेवायला पुरेना.

"माहीत नाही," ती म्हणाली. "राहायला लागले आणि मग थांबता येईना."

ताईने मान हलवली, जणू हे उत्तर तिला बसच्या रस्त्यावर रोज भेटतं.

बटाटे उकडले. ताईने साल काढून, मीठ घालून दोन ताटल्या मांडल्या. स्वतःच्या ताटलीत चार, हिच्या ताटलीत दोन.

"मला एकच."

"दोन वाढलेत. खाल्ले नाहीस तरी ओरडणार नाही. पण माझ्यासमोर बस."

ती बसली. ताई जेवायला लागली, नऊ दिवसांची भूक काढत, बोटं चाटत. तिने एक बटाटा लहान लहान तुकडे करून खाल्ला. घशात अडकत होता, पाण्याबरोबर उतरवला. दुसरा ताटलीत तसाच राहिला. ताईचं जेवण आटोपलं. तिने तो बटाटा उचलला नाही, त्याच्याकडे बघितलंही नाही. डेपोतल्या एका ड्रायव्हरची कसली तरी गोष्ट सांगत राहिली, त्याने बस धुवायला नेली आणि खिडक्या बंद करायला विसरला, मग आत कशी तळी झाली. गोष्ट बरीच लांबली. बटाट्याची वाफ गेली, वरचं मीठ विरघळलं.

गोष्टीच्या मध्येच कुठे तरी तिने तो गार बटाटा उचलला आणि खाल्ला.